दहाव्या रोपाची फुली

"तुला या प्रश्नाला सूट आहे," गावंडे सर म्हणाले. "सरासरीचे मार्क मिळतील. बाहेर पंख्याखाली बस, बेटा."

गुंजन जागची हलली नाही. वर्ध्याजवळच्या कृषी महाविद्यालयातली प्रात्यक्षिक परीक्षा. टेबलावर रोपांचे दहा ट्रे, प्रत्येकाचं नाव लिहायचं. भिंतीवर पाटी : नमुन्यांना हात लावू नये. गुंजनला जन्मापासून दिसत नाही, म्हणून लेखनिक दिलेली, आकांक्षा. शिवाय तासाला वीस मिनिटं जास्त. न दिसणारं रोप वीस मिनिटं जास्त बघत बसायचं, अशी ती सवलत!

तीन सत्रं ती सरासरीनेच पास झाली होती. भाजीसोबत फुकट मिळणाऱ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्यांसारखे मार्क. घरी सांगताना लाज वाटायची.

"सर, अभ्यासक्रमात काय लिवलं हाये? रोप ओळखणं जरुरी, का पाह्यणं?"

सरांनी कागद काढला, चष्मा लावला. "ओळखणं," ते वाचून म्हणाले. "पण हात लावला की रोपं मोडतात. अजून तीस जणांनी पाहायची आहेत ती."

"मंग माह्या नंबर शेवटी ठेवा. मंग मोडली तरी कोनाचं काय जाते?"

सरांनी यादीतलं तिचं नाव खोडून अगदी तळाशी लिहिलं.

दुपारी खोली रिकामी झाली. गुंजननं पहिल्या ट्रेवर हात ठेवला आणि ती खोली कुठच्या कुठे गेली. पायाखाली ओलं वावर आलं. पानाला बारीक लव, हे वांगं. पुढच्या पानाचा वास बोटांना चिकटून आला, तो टमाटर. मिरची गुळगुळीत. लागवडीच्या दिवशी तिची आई, वच्छला, उजाडायच्या आधीच वाफ्यातली रोपं उपटून निवडायला लेकीच्या मांडीवर टाकायची. "अंधारात माह्ये डोये तुह्या बोटात हायेत," म्हणायची. गुंजन दोन सऱ्यांमधून चालल्यासारखी टेबलाच्या कडेनं सरकत होती. ती नाव सांगायची, आकांक्षा लिहायची. कुठेतरी पाटाचं पाणी वाहत होतं, निदान तिला तरी ते ऐकू येत होतं.

दहावं पान जाड, मेणचट. "फुलकोबी," ती बिनदिक्कत म्हणाली.

सरांनी कागद तपासला. "नऊ बरोबर. दहावी पत्ताकोबी होती." मग आवाज उतरवून म्हणाले, "राहू दे. दोन्हींची रोपं सारखीच. मार्क देऊन टाकतो."

"आमच्या वावरात फुलकोबीच राह्यते, सर. पत्ताकोबी कधी हातीच आली नाई." गुंजनच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बाकीच्या पोरायनं असंच लिवलं त त्याइले काय देल्लं?"

"फुली."

"मंग मले बी फुलीच द्या. अन् जोरात मारा."

सरांनी कागद वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि पेन दाबून फुली मारली. गुंजननं कागद उलटा केला. मागच्या बाजूला उमटलेल्या दोन रेघांवरून बोट सावकाश फिरवलं, त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे थांबवलं.

"दिसली," ती म्हणाली.