ओट्यावरचं मोहोळ

कचरूआबांच्या ओट्यावर झुकलेल्या कढीपत्त्याला मधमाश्यांनी मोहोळ बांधलं आणि पंचाईत आबांची झाली. धुरानं माश्या उठतात, म्हणून त्यांची ओट्यावरची बिडी बंद!

"जाळ दाखवून हुसकूनच लावतो त्यायला," आबा गुरगुरले.

"खबरदार! लेकुरवाळं बिऱ्हाड हाय ते," त्यांची बायको गोजरबाई कडाडली. "बिडीच ओढायची तर जा मंग पारावर."

पार लांब आणि आबांचे गुडघे दुखरे. काही दिवस आबा कुरकुरत पारावर गेले, मग कंटाळले, आणि बिडी सुटलीच. खोकलाही थांबला, पण ते बायकोपुढं कबूल कोण करणार?

परवा गोजरबाई अंबडच्या बाजाराला गेलेली असताना वारं सुटलं आणि मोहोळ एका बाजूनं लोंबायला लागलं. आबा दबकत दबकत जवळ गेले. आत एकही माशी नव्हती. माश्या कधीच्याच उडून गेल्या होत्या. धूळ बसलेलं रिकामं पोळं तेवढं उरलं होतं, आणि ते फांदीला बांधलं होतं गोजरबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं.

"लई बेरकी हाय ही!" आबा एकटेच हसले. मग इकडंतिकडं पाहून त्यांनी चिंधीची सैल झालेली गाठ करकचून आवळली.

तेवढ्यात शेजारचा निजामोद्दीन ओट्यावर येऊन टेकला आणि त्यानं बिडी पुढं केली. "घ्या आबा, भाभी घरात न्हाई. जल्दी ओढून घ्या."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हितं नको रे बाबा. माश्या उठतील."