शेजारची सीट

"क्लच सोड. अगं, हळू! मांजर उठेल ना!"

गाडीत मांजर नव्हतं. डाव्या पायावर मांजर झोपलंय असं समजायचं आणि त्याला जाग न आणता पाय उचलायचा, अशी मोटरकाकांची शिकवण होती. मुलीने पाय उचलला. गाडीने एक आचका दिला आणि जागीच बंद पडली.

"उठलं," काका म्हणाले.

गल्लीतली सर्वांत जुनी मोटर त्यांच्या दारात उभी असायची, म्हणून ते मोटरकाका. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी धूळ खात होती आणि काकाही, असं समोरची शेजारीण म्हणायची.

मुलगी वरच्या मजल्यावर आईबरोबर राहायची. बरोबर आपलं म्हणायचं. आई नर्स; ती घरी यायची तेव्हा ही कॉलेजात आणि ही यायची तेव्हा ती ड्युटीवर. मायलेकींचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालायचं. 'दूध संपलंय. खिडकी लावून घे.'

धाकटा भाऊ वडिलांकडे होता, दोन तासांवरच्या गावी. आईवडील वेगळे झाले तेव्हा भांडीकुंडी वाटून घेतली, तशी मुलंही. तिकडे जाणारी बस एकच, तीही परत यायची दुसऱ्या दिवशी. आठ वर्षांचं पोरगं फोनवर विचारायचं, "ताई, तू कधी येणार?" आणि ही म्हणायची, "लायसन मिळू दे, दर रविवारी येते."

अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात तिने शिकाऊ परवाना काढला. पण शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी चालवायची नाही, शेजारी पक्कं लायसनवालं माणूस हवं, असा नियम. आईने उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मग ती जिना उतरून काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, मी तुमच्या गाडीवर शिकू? तुम्ही शेजारी बसाल?"

काकांनी बॉनेटवरची धूळ तळहाताने पुसली.

"बसायचं ना? बसण्यात माझा हात धरणारा कोणी नाही."

पहिल्या सकाळी ती चालकाच्या जागी बसली, तर सीट पुढेमागे करावीच लागली नाही. पाय नेमके पोचले. काका ताडमाड उंच. म्हणजे आपल्यासाठी त्यांनी मुद्दाम सरकवून ठेवली, हे लक्षात आलं आणि तिला उगाच भरून आलं. घरात तिच्यासाठी मुद्दाम काही करून ठेवलं गेलं, त्याला बरेच दिवस झाले होते.

काकांच्या पायाखालची रबरी चटई मात्र एका जागी पार झिजली होती. का, ते लवकरच कळलं. लांबवर सायकल दिसली तरी काकांचा उजवा पाय तिथे दाबला जायचा.

"काका, तिथे ब्रेक नाहीये."

"ठाऊक आहे. तरी लागतो."

रोज सकाळी सहा ते सात. काकांना सगळं पाठ होतं. कुठल्या वळणावर आरशात बघायचं, कुठल्या खड्ड्याला डावी घालायची, सगळं. डोळे मिटून नुसत्या आवाजावर ते सांगायचे, "रडतेय बिचारी. गिअर बदल तिचा."

एकदा पुलाच्या चढावर गाडी मागे घरंगळायला लागली. मागे ट्रक, त्याचा हॉर्न कानात. ती रडकुंडीला आली.

"काका, तुम्ही या इकडे! मला नाही जमत!"

काकांना घाम फुटला होता, पण ते जागचे हलले नाहीत.

"मी येणार नाही. हँडब्रेक ओढ. ओढलास? आता श्वास घे. भावाला काय सांगणार आहेस, चढ मोठा होता म्हणून?"

तिने दातओठ खात गाडी वर काढली. दुसऱ्या कोणी स्टिअरिंग हिसकावून घेतलं असतं, तिला वाटलं. शिकवणारा असावा तर असा.

परीक्षा जवळ आली तसे काका गप्प गप्प राहायला लागले. तिला कारण कळत होतं. एकदा लायसन हातात आलं की तिला शेजारी कोणी लागणार नव्हतं. सकाळचे सहा पुन्हा नुसतेच सहा होणार होते.

"गाडी देताच आहात, तर रविवारी तुम्हीपण चला ना," ती म्हणाली.

"मी कशाला? तुम्हा भावंडांत मी कबाब में हड्डी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सारखं कुणाच्या तरी शेजारी बसून कुठे चालतं, पोरी?"

तिने गिअर बदलला.

परीक्षेच्या दिवशी आरटीओत निरीक्षकाच्या कपाळावर मैदानात आखलेल्या आठाच्या आकड्याहून मोठी आठी होती. तिने आकडा काढला, रिव्हर्स घेतली, चढावर थांबून पुन्हा निघाली. मांजराने कूस बदलली नाही. निरीक्षकाने कागदावर शिक्का मारला आणि आठी न उलगडताच म्हणाला, "पास."

तिने आधी भावाला फोन लावला. "रविवारी येते रे!" पलीकडून इतक्या जोरात आरोळी आली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मग ती काकांना बसवून गेली होती त्या बाकाकडे धावत आली. बाक रिकामं होतं.

न सांगता गेले की काय? तिने फाटक पाहिलं, पाणपोई पाहिली, गाडीत डोकावली. शेवटी आतल्या बोळकांडीच्या टोकाला ते दिसले. नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांच्या रांगेत सगळ्यांत पुढे, छातीशी फाईल धरून, खिडकीपाशी वाकलेले.

"आजोबा, चुकलात," आतला कारकून म्हणत होता. "जुनं लायसन नवं करायची खिडकी पलीकडे. इथे पहिल्यांदा शिकणारे येतात."

"चुकलो नाही," काका म्हणाले. "गाडी बायको चालवायची. मी चाळीस वर्षं नुसता शेजारी बसलो."