बंबात काय जळलं?

"केरसुणी!" कृष्णातनं पुढच्या सोप्यावरूनच आवाज टाकला. "जुनी केरसुणी घातलीयास बंबात."

मागं परड्यात तानाबाईनं आंघोळीच्या बंबाचं झाकण लावलं. "बराबर हाय," ती म्हणाली.

कृष्णात खूश झाला. म्हटलं तर हा सगळा खुळचटपणाच होता, पण त्याच्यावर त्याची भाकरी अवलंबून होती.

कृष्णात गुळव्या. तीस वर्षं उकळत्या काहिलीवर उभा राहिलेला माणूस. रसाचा गूळ होताना वास पालटतो, तो नेमका क्षण धरून काहील उतरवायची. जरा उशीर झाला की अख्खी काहील करपते. कृष्णातचं नाक त्या बाबतीत पंचक्रोशीत नावाजलेलं. पण गेल्या हंगामात त्याला मोठा ताप आला आणि त्यानंतर महिन्याभरात दोन काहिली करपल्या. गुऱ्हाळाचा मालक सयाजी पाटील भडकला, तेव्हा कृष्णातनं एवढंच सांगितलं, "जाळ जास्त झाला, मालक."

चुलवाणाला जाळ घालायला होता अण्णासो, तानाबाईचा धाकटा भाऊ. सयाजीनं त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून एकाही गुऱ्हाळावर त्याला कोणी उभं करेना. सध्या तो बिद्रीकडं ऊस तोडत होता.

आता सोमवारी नवा हंगाम सुरू होणार होता आणि गल्लीत भलतीच कुजबुज उठली होती, की तापानं कृष्णातचं नाकच गेलं. तानाबाईनंच मग तोडगा काढला. "रोज सकाळी बंबात मी येगळंच कायतरी घालतो. तुमी सोप्यावर बसून वासावरनं सांगा. लोकांची तोंडं तरी बंद हुतील."

कृष्णातनं लगेच मान डोलावली. तो सकाळी उठायचा, दातांना मशेरी लावायचा, ती घासत घासत, कोपरान् कोपरा बघत घरभर एक फेरी मारायचा, चूळ भरून सोप्यावर बसायचा आणि डोळे मिटायचा. मग मागनं धूर यायचा.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चप्पल. रबरी. माझीच, अंगठा तुटलेली."

"बराबर हाय."

शेजारच्या धोंडुबाईचं धुणं त्या दिवशी दोरीवर होतं. एरवी जरा उग्र धूर भिंतीवरनं पलीकडं गेला तरी ती घर डोक्यावर घेई. त्या दिवशी तक्रारीचं नाव नाही. भिंतीवरनं डोकावून नुसतंच विचारलं, "आज काय जाळलंस गं?"

"नाकाला इचार," तानाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तर कृष्णातनं कमालच केली. "कागद," तो म्हणाला. मग नाक फेंदारून परत एक श्वास घेतला. "गुळगुळीत कागद. कॅलेंडर हाय. औंदाचं न्हवं, गेल्या सालाचं."

ही गोष्ट दुपारपर्यंत गल्लीभर झाली. नुसता कागद कोणीही ओळखेल, पण कागदाचं साल ओळखायचं म्हणजे चेष्टा आहे का! चौथ्या दिवशी सूप. तेही बरोबर. त्याच दुपारी सयाजीचा निरोप आला: उद्या सकाळी मी स्वतः येतो, मामांचं नाक बघायला.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना तानाबाई म्हणाली, "अवं, अण्णासोचं मालकास्नी सांगा की. त्येचा जाळ बराबर हुता म्हणावं."

"कसं सांगू? जाळ जास्तच हुता."

"परत एकदा इचार करा. तुमी बोलला तर त्येला परत घेतील."

"नाक माझं का तुझं?" कृष्णात म्हणाला आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागला. तानाबाईला उन्हानं करपलेलं भावाचं तोंड आठवलं.

सकाळी सयाजी आला. मोटरसायकल दारात लावून सोप्यावर टेकला. कृष्णातची फेरी झाली होती, चूळही भरून झाली होती. मागनं धूर आला. सयाजीनं दोनतीनदा नाक ओढलं.

"मला तर निस्ता चिपाडांचाच वास येतोय, मामा."

"म्हणून तर तुमी मालक आन् मी गुळव्या," कृष्णात हसला. डोळे मिटून त्यानं छाती भरून घेतली. "लोकर हाय. घोंगडं घातलंय तिनं, माझं आंथरायचं."

"मामी?" सयाजीनं आत हाक दिली.

"बराबर हाय," परड्यातनं आवाज आला.

सयाजीनं मांडीवर थाप मारली. "जिंकलं! सोमवारी काहिलीवर या, मामा. लोकं काय, कायबी बोलत्यात."

तानाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "आन् माझा भाऊ, मालक?"

सयाजीनं कृष्णातकडं बघितलं. "तुमीच सांगा मामा. असलं नाक हाय तुमचं. जाळ जास्तच हुता न्हवं?"

कृष्णातनं बायकोकडं बघितलं. तीही त्याच्याकडंच बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर हलवत नव्हती. त्यानं मान खाली घातली.

"व्हय," तो म्हणाला. "जास्तच हुता."

तानाबाई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तोंड बांधलेलं पोतं होतं. तिनं गाठ सोडली आणि पोतं सयाजीच्या पायाशी उपडं केलं. जुनी केरसुणी पडली. अंगठा तुटलेली चप्पल पडली. गेल्या सालचं कॅलेंडर पडलं, त्यावर सूप पडलं. मग तिनं आत अडकलेलं घोंगडं ओढून काढलं, झटकलं आणि घडी घालून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.