आवळ्याचं कवच

आकाराम चौथ्या शब्दावर अडकले. घागर, सायकल, पेरू, एवढं आलं. पुढं काही येईना. स्नेहलनं दहा शब्द सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी छताकडं पाहिलं, मग आपल्या थरथरत्या बोटांकडं, जणू उरलेले सात तिथंच कुठंतरी सांडले असतील.

"राहू दे, आबा," ती म्हणाली आणि वहीत तीनचा आकडा लिहिला. मागच्या महिन्यात पाच होते. दिवाळीत सात.

ती थकली होती. आठवडाभर कोल्हापुरात प्रयोगशाळा, रविवारी एसटीनं हुपरी. तीन वर्षं ती उंदरांना पाण्यातून कॅडमियम हा विषारी धातू पाजत होती. आबा पैंजणाच्या कड्या जोडायला जो डाग, म्हणजे सांध्याचा धातू, वितळवत, त्याच्या धुरातही तेच होतं, आणि चाळीस वर्षं ते याच खोलीत बसून डाग देत आले होते. कॅडमियम प्यालेली उंदरं चक्रव्यूहातली वाट विसरत. ज्यांना सोबत आवळ्याचा अर्क मिळे, त्यांना ती बरीचशी आठवे. निष्कर्ष छापून आले. पेपरात तिचा फोटो आला, वर मोठा मथळा: 'मेंदूला आवळ्याचं कवच'. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तिला कळत होतं. तरी दर रविवारी ती आवळ्याच्या भुकटीची पुडी घेऊन येत होती.

मग आकडे उतरतात कसे? तिनं आईला विचारलं. शालूबाईंनी देवाशपथ सांगितलं की सकाळ-संध्याकाळ त्या स्वतःच्या हातानं चमचा भरवतात, एक वेळ चुकत नाही. मग आवाज उतरवून त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. शेजारच्या गुंडूनं खोकल्यापायी काम सोडलं, तर त्याचंही डागकाम यांनी ओढून घेतलं. सकाळी सातला बसतात ते दिवेलागणीला उठतात. जेवायलाही हाका माराव्या लागतात.

स्नेहल वडिलांसमोर जाऊन बसली.

"काम कमी करा म्हटलं होतं ना मी?"

"ते कवच मिळायच्या आधी," आकाराम म्हणाले. "कवच घालून घरात कोण बसतंय, पोरी?"

तिनं समजावून पाहिलं. अर्कानं कॅडमियम जात नाही, इजा थोडी कमी होते, तीही मोजून दिलेल्या मात्रेपुरती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शाळेतली तिची भाषणंही ते असेच ऐकत.

"तुझी उंदरं रोज ते पाणी पीत हुती का न्हाय?"

"पीत होती."

"मग झालं की. मी काय उंदराच्या वर न्हाय."

त्यांनी गॅस पेटवला आणि कडीवर ज्योत धरली. बोटं थरथरत होती. ज्योत मात्र सरळ उभी होती. बघता बघता स्नेहलचे डोळे चुरचुरू लागले. लहानपणी ती याच खोलीत अभ्यासाला बसायची, तेव्हा असं कधी होत नसे. झरोक्याच्या फुटक्या काचेतून धूर आपसूक बाहेर जाई. आज तो छताखाली तुंबून राहिला होता.

तिनं वर पाहिलं. काचेच्या भोकावर चारी बाजूंनी खळ लावून एक कागद पक्का चिकटवला होता. उजेडात त्यावर तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि वर तो मथळा.

"त्या भोकातनं वारं यायचं, ज्योत हलायची," आकाराम मान वर न करता, कौतुकानं म्हणाले. "तुझं कात्रण डकवलं बघ. तवापास्नं झुळूकसुदीक आत येत न्हाय."