ओल आढळली नाही

“लॅपटॉप स्थिर धरा हो, निमकरबाई! नुसता करडा लगदा दिसतोय,” सेक्रेटरी परुळेकर पडद्यावरून डाफरला.

सोसायटीची वार्षिक सभा ऑनलाइन भरली होती. निमकरबाई बाथरूममध्ये उभ्या राहून लॅपटॉप छताकडे वळवून धरत होत्या. दंड भरून आले होते. वरच्या मजल्यावरच्या परुळेकरच्या बाथरूमचं पाणी वर्षभर त्यांच्या छतातून ठिबकत होतं, खाली ठेवलेली बादली रोज भरत होती. पण लॅपटॉपच्या त्या मेल्या कॅमेऱ्यात ना काळी बुरशी दिसत होती, ना सुटलेले पोपडे.

“ओल आढळली नाही, असं इतिवृत्तात लिहितो,” परुळेकर म्हणाला. “लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कसल्या विसंबता, बाई? माझ्यासारखा वेगळा घ्या. बघा, मिशीचा केस न् केस दिसतो!”

चाळीस चौकटींत खसखस पिकली.

बाईंचं डोकं सणकलं. लॅपटॉप तसाच पलंगावर टाकून त्यांनी भरलेली बादली उचलली आणि जिना चढल्या. परुळेकरच्या बायकोनं दार उघडलं, बादलीकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

परुळेकर अजून मिशीवर बोट फिरवत होता. त्याच्या लख्ख चौकटीत, खांद्यामागे, बाई उगवल्या आणि त्यांनी बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली.

“आता लिहा इतिवृत्तात!”

मिशीचा केस न् केस ठिबकताना चाळीस घरांनी स्पष्ट पाहिला.