खिडकीजवळचा खळगा

दारोदारी जाऊन गाड्या आतून धुऊन देण्याचं पहिलं काम उद्यावर आलं होतं, आणि दोघी बहिणींचं मशीन अजून ठरत नव्हतं.

"हेच घ्या. पाणी मारतं आणि आत मुरलेलं सगळं ओढून घेतं," दुकानदार म्हणाला. त्याने भर दुपारी मशीन बाहेर आणून त्यांच्याच जुन्या गाडीत लावून दिलं.

थोरलीने मागच्या सीटवर नळी फिरवली. कापड उजळलं, पण खिडकीजवळचा खळगा काही भरून येईना.

"फोम बसलाय गं ताई," धाकटी दारातून म्हणाली.

थोरलीने खळग्यावरच नळी टेकवली. खळगा हलला. आलेल्याला जागा करून द्यावी, तसा तो मधल्या सीटवर सरकला.

तिने नळी आणखी पुढे नेली. खळगा पलीकडच्या दाराला जाऊन भिडला. आता सरकायला जागाच उरली नव्हती.

"ताई, बाहेर ये आधी!"

तिने घाईघाईने मशीन बंद केलं. सीट हळूहळू वर आली, सपाट झाली. हायसं वाटून ती तिथेच मटकन बसली.

आणि तिच्या मांडीवर, अगदी सावकाश, एक ओलसर भार टेकला.