तात्यांची बाटली

"आली का आमची बाटली?" जीप दारात लावून सरपंच तात्या ओसरीवर टेकले. आमचे हे सीमेवरून घरी आले की कॅन्टीनची पहिली रम तात्यांना, हा रिवाजच होता.

यांनी ट्रंकेतून बाटली काढली. मी ती हिसकावून घेतली, जीपच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि सगळी आत ओतली.

"डोकं फिरलं का तुझं?" तात्या ओरडले.

"मला कळा सुटल्या तेव्हा टाकीत डिझेलचा थेंब नाही म्हणालात ना? रिक्षाची वाट बघता बघता गेलं माझं लेकरू. घ्या, भरली टाकी."

यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिकडे जिवाला घोर नको म्हणून फोनवर मी एवढंच सांगितलं होतं, देवाने नेलं.

मी झाकण लावत होते, तेवढ्यात हे आतून दुसरी बाटली घेऊन आले.

"राहू दे उघडं."